कुत्र्यांनी राखलेली दफनभूमी

वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉल हिल या वस्तीच्या पूर्व टोकाला, अनाकोस्टिया नदीच्या काठावर सुमारे ३५ एकरांची एक जुनी दफनभूमी आहे. तिचे नाव काँग्रेशनल सेमेटरी. उजाडले की तिथल्या थडग्यांच्या रांगांमधून कुत्री धावू लागतात. पट्टा सोडलेली, चेंडूमागे पळणारी, गवतात लोळणारी. ही भटकी कुत्री नव्हेत. प्रत्येकाच्या मालकाने वर्षाची वर्गणी भरलेली असते, शिवाय दर कुत्र्यामागे वेगळे शुल्क दिलेले असते. हे पैसे भरायची संधी मिळावी म्हणून आणखी कितीतरी लोक प्रतीक्षायादीत नाव घालून थांबलेले असतात.

हे ऐकून आपल्याला कसेसेच होते. स्मशानातून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल न टाकणारी माणसे आपण. मेलेल्यांच्या उशापायथ्याशी कुत्री खेळवायची, हा काय प्रकार, असा प्रश्न पडणारच. पण ही दफनभूमी आज धड उभी आहे ती बऱ्याच अंशी या कुत्र्यांमुळे. जुन्या वास्तू जपण्याचे काम करणारे लोक हे उदाहरण सांगतात. ते समजून घ्यायचे तर आधी ही जागा कशी घडली आणि कशी बिघडली, हे पाहायला हवे.

रिकाम्या थडग्यांची रांग

१८०७ साली या भागातल्या काही रहिवाशांनी साडेचार एकर जमीन दफनासाठी घेतली. १८१२ मध्ये ती जवळच्या ख्राइस्ट चर्चच्या ताब्यात दिली. जमिनीची मालकी आजही त्याच चर्चकडे आहे. त्या काळी वॉशिंग्टन ही नवी, अर्धवट बांधलेली राजधानी होती. रेल्वे आलेली नव्हती आणि शव टिकवण्याची रीत रुळलेली नव्हती. दूरच्या राज्यातून आलेला संसदसदस्य अधिवेशनाच्या काळात वारला, तर घोडागाडीने त्याला घरी नेणे जवळजवळ अशक्यच. कनेक्टिकटचे सिनेटर युरिया ट्रेसी १८०७ मध्ये वारले आणि इथे पुरले गेलेले ते पहिले संसदसदस्य ठरले. पुढे चर्चने सरकारसाठी शंभर जागा राखून ठेवल्या. अशा रीतीने एका चर्चची साधी दफनभूमी लोकांच्या तोंडी ‘काँग्रेसची’, म्हणजे अमेरिकी संसदेची, झाली.

कॅपिटॉल या संसदभवनाच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या बेंजामिन लॅट्रोब यांनी इथल्या स्मारकांचा नमुना तयार केला. चौकोनी बुटका ठोकळा आणि त्यावर निमुळता होत गेलेला माथा. दगड व्हर्जिनियातल्या ॲक्वाया क्रीक खाणीतला वालुकाश्म. कॅपिटॉलच्या आणि व्हाइट हाउसच्या जुन्या भिंतींत वापरला गेला तोच. पदावर असताना वारलेल्या सदस्यांसाठी असे दीडशेहून अधिक ठोकळे उभारले गेले आणि त्यांतल्या बहुतेकांखाली कोणीही पुरलेले नाही. मृत्यू एकीकडे, दफन दुसरीकडे आणि स्मारक इथे, असा मामला. १८७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सचे संसदसदस्य जॉर्ज हॉर यांनी संसदेत सांगितले की, असल्या भयंकर वस्तूखाली पडून राहावे लागेल या विचाराने मरणाची भीती आणखी वाढते. त्यानंतर हा प्रघात थांबला.

जवळच एक सार्वजनिक तळघर आहे. १८३० च्या दशकात सरकारी खर्चाने बांधलेल्या या तळघरात, अखेरच्या मुक्कामी हलवेपर्यंत शव ठेवले जाई. विल्यम हेन्री हॅरिसन, जॉन क्विन्सी ॲडम्स आणि झॅकरी टेलर या तीन राष्ट्राध्यक्षांची शवे काही काळ इथे होती. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानीतली मोठी अंत्ययात्रा म्हणजे या फाटकापर्यंतची वाट, असे समीकरणच होते.

जागा एकदा विकते, गवत दरवर्षी वाढते

मग दिवस पालटले. रेल्वे आली, शव टिकवण्याची पद्धत रूढ झाली आणि सदस्यांना आपापल्या गावी नेणे सोपे झाले. यादवी युद्धात, १८६४ मध्ये, पोटोमॅक नदीपलीकडे आर्लिंग्टनची राष्ट्रीय दफनभूमी सुरू झाली आणि सरकारी मानसन्मान तिकडे गेला. विसाव्या शतकात आसपासची कुटुंबे उपनगरांत राहायला गेली. चर्चची माणसे घटली, तसे उत्पन्नही घटले.

जगभरच्या जुन्या दफनभूमी एकाच हिशेबात अडकतात. थडग्याची जागा एकदाच विकली जाते आणि तिचे पैसे एकदाच मिळतात. गवत मात्र दरवर्षी वाढते, झाडे पडतात, भिंती खचतात. जागा संपली की उत्पन्न संपते, खर्च संपत नाही. दोन पिढ्या उलटल्या की फुले घेऊन येणारे नातेवाईकही उरत नाहीत. माणसांची ये-जा थांबलेल्या ठिकाणी चोर, दारुडे आणि टवाळखोर शिरतात. १९७० च्या दशकात काँग्रेशनल सेमेटरीची हीच गत झाली. माजलेले गवत, उलथलेले दगड, फोडलेली तळघरे. १९७६ मध्ये जतनासाठी एक ना-नफा संस्था स्थापन झाली आणि तिने चर्चकडून जागा चालवायला घेतली. तरी पैसा पुरेना. १९९७ मध्ये ऐतिहासिक वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या राष्ट्रीय संस्थेने अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या ११ ठिकाणांच्या यादीत या दफनभूमीचे नाव घातले.

पण मदत एव्हाना शेजारातून येऊ लागली होती. मोकळ्या जागेची वानवा असलेल्या या वस्तीत कुत्रा पाळणाऱ्यांना कुंपण असलेली, वाहनांपासून सुरक्षित अशी ही एकच मोठी जागा दिसत होती. ते तिथे फिरायला जात होतेच. पायाखालचे गवत कापले जात नाही म्हटल्यावर त्यांनी आपसात पैसे गोळा करून ते कापून घ्यायला सुरुवात केली. यातून ‘के-नाईन कोअर’ नावाची रीतसर योजना उभी राहिली. सभासदसंख्या ठरलेली, वार्षिक देणगी ठरलेली, नियम ठरलेले. विष्ठा उचलायचीच. दफनविधी चालू असेल तेव्हा कुत्रे आणायचे नाही. दफनभूमीच्या वार्षिक खर्चाचा मोठा वाटा या सभासदांकडून येऊ लागला.

पैशाइतकीच मोलाची ठरली ती त्यांची हजेरी. थंडी असो वा पाऊस, कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ बाहेर न्यावेच लागते. त्यामुळे वर्षाचे सगळे दिवस, अंधुक उजेडाच्या वेळीसुद्धा, इथे ओळखीची माणसे फिरत असतात. कुठला दगड कलला, कुठली फांदी लोंबते आहे, कोण अनोळखी माणूस घुटमळतो आहे, हे त्यांना सर्वांआधी कळते. पगारी पहारेकरी ठेवून ही नजर विकत घेता आली नसती. २०११ मध्ये या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तो मिळेपर्यंत ती टिकवून ठेवण्याचे काम शेजाऱ्यांनी पार पाडले होते.

एकदा लोक येऊ लागले म्हटल्यावर संस्थेने त्यांना येण्याची आणखी निमित्ते दिली. उन्हाळ्यात हिरवळीवर चित्रपट दाखवतात. वाचकांचा गट भरतो. ऑक्टोबरच्या संध्याकाळी नट-नट्या जुन्या पोशाखात थडग्यांपाशी उभे राहून तिथल्या माणसांची कहाणी सांगतात. आवारात मधमाश्यांच्या पेट्या आहेत आणि तो मध विकलाही जातो. २०१३ मध्ये तर शेळ्यांचा कळप भाड्याने आणला. कडेच्या झाडीत विषारी आणि परक्या वेली माजल्या होत्या. त्यांनी गळफास लावलेली मोठी झाडे वाळून थडग्यांवर कोसळण्याची भीती होती, आणि नदी शेजारी असल्याने तणनाशक फवारायचे नव्हते. शेळ्यांनी वेली फस्त केल्या. बातमी देशभर झाली आणि दफनभूमीचे नाव कधी न ऐकलेल्यांनीही ते ऐकले.

प्रेमाने केलेले नुकसान

माणसे आली म्हणजे दगड वाचले, असे मात्र नाही. जुन्या थडग्यांची बरीचशी हानी चांगल्या मनाने केलेल्या साफसफाईत होते.

संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. शहरी हवेतली गंधक आणि नायट्रोजनची संयुगे पावसात मिसळून त्याला आम्लधर्मी करतात आणि असा पाऊस संगमरवर हळूहळू विरघळवतो. आधी चकाकी जाते, मग पृष्ठभागाचे कण सुटे होऊन हाताला खडीसाखरेसारखे लागतात, शेवटी अक्षरे बुजतात. वालुकाश्माचे दुखणे निराळे. त्याच्या थरांत पाणी शिरते, गोठते, वाळते, आणि पापुद्रे सुटून येतात. इथल्या ॲक्वाया क्रीकच्या दगडावर हेच संकट आहे. अशा दगडाला तारेच्या ब्रशने घासले, त्यावर जोराचा फवारा मारला किंवा वाळूचा मारा केला, तर मळाबरोबर अक्षरांची कडही निघून जाते. घरातल्या ब्लीचने शेवाळ पांढरे पडते खरे, पण त्याचे क्षार दगडाच्या छिद्रांत राहतात. ते वाळून स्फटिक होताना फुगतात आणि दगडाला आतून फोडतात.

सिमेंट हा दुसरा शत्रू. तुटलेला दगड सिमेंटने सांधला की काम पक्के झाले, असे वाटते. पण सिमेंट जुन्या दगडापेक्षा कठीण असते आणि ओल बाहेर जाऊ देत नाही. ती ओल शेजारच्या मऊ दगडातून वाट काढते आणि मूळ दगड सांध्याच्या कडेने भुगा होऊन गळतो. चुन्याचा सांधा मुद्दाम दगडापेक्षा मऊ ठेवतात. झीज व्हायचीच असेल तर ती सांध्याची व्हावी, कारण सांधा पुन्हा भरता येतो.

म्हणून तज्ज्ञांची पद्धत कंटाळवाणी वाटावी इतकी सावध असते. आधी छायाचित्र आणि लेखाची नोंद. मग दगड ठणठणीत आहे का, याची तपासणी. पोकळ आवाज येत असेल तर हातच लावायचा नाही. नंतर भरपूर साधे पाणी, मऊ ब्रश आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी. काम खालून वर करत जायचे, म्हणजे मळके पाणी कोरड्या दगडावर ओघळून डाग पडत नाहीत. शेवाळ आणि दगडफूल हटवण्यासाठी दगडाला न खाणारी खास जैवनाशके मिळतात. ती लावून घाई न करता सोडून द्यायची. पुढचे काम ऊन-पाऊस करतात. पुसट अक्षरे वाचायला खडू किंवा दाढीचा फेस चोळण्याची सवय अनेकांना आहे. तीही घातकच. आरशाने उजेडाची तिरीप बाजूने पाडली की खोलगट अक्षरांत सावली भरते आणि लेख वाचता येतो. दगडाला स्पर्शही होत नाही.

आणि गवत कापण्याचे यंत्र! दगडाच्या पायथ्याशी नायलॉनची फिरती दोरी आठवड्यामागून आठवडे आपटत राहिली की तिथे खाच पडते. उत्साही स्वयंसेवकाच्या हाती यंत्र देण्याआधी त्याला तासभर शिकवणे हा जतनातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

थडग्यांमध्ये फिरायला जाणे

कुत्री, चित्रपट, शेळ्या यांवर आक्षेप घेणारे तिकडेही आहेत. मृतांचा मान कुठे गेला, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण इतिहास थोडा वेगळा आहे. १८३१ मध्ये बॉस्टनजवळ केंब्रिज इथे माउंट ऑबर्न ही बागेसारखी दफनभूमी सुरू झाली. टेकड्या, तळी, वळणाच्या वाटा, निवडक झाडे. शहरांत तेव्हा सार्वजनिक बागा नव्हत्या, म्हणून लोक तिथे सहकुटुंब फिरायला जाऊ लागले. हा नमुना अमेरिकेत झपाट्याने पसरला. दफनभूमींत लोटणारी ही गर्दी पाहूनच शहरांना मोठ्या सार्वजनिक बागा हव्यात, हा आग्रह तिकडे बळावला आणि न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क त्यातूनच पुढे आले. तेव्हा थडग्यांमध्ये फिरणे ही नवी थिल्लर टूम नव्हे. मधल्या काळात मोडलेली सवय परत आली आहे, एवढेच.

याच पद्धतीच्या एका दफनभूमीशी मराठी माणसाचे नाते आहे. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठच्या पकीप्सी गावातल्या रुरल सेमेटरीत आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी विसावल्या आहेत. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय अवघे एकवीस. अमेरिकेत ज्यांनी त्यांना लेकीसारखे सांभाळले, त्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे त्यांच्या अस्थी पाठवल्या गेल्या आणि कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांना स्थान मिळाले. दगडावर नाव आहे, साल आहे, आणि शिक्षणासाठी भारताबाहेर गेलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशी नोंद आहे. तिकडे गेलेले मराठी लोक ती जागा शोधत जातात. दफनभूमी चालू राहिली, नोंदी जपल्या गेल्या, म्हणून ती सापडते.

कोणाची आठवण?

लोकांना जोडून घेण्यात एक धोका असतो. प्रसिद्ध थडग्यांभोवती गर्दी होते आणि बाकीची मागे पडतात. काँग्रेशनल सेमेटरीत संगीतकार जॉन फिलिप सूझा आहेत. त्यांच्या जन्मदिनी, ६ नोव्हेंबरला, मरीन दलाचे वाद्यवृंद पथक थडग्यापाशी येऊन वाजवते. एफबीआयचे जे. एडगर हूव्हर आहेत, यादवी युद्धाचे छायाचित्रकार मॅथ्यू ब्रेडी आहेत. पण सर्वांत उंच स्मारकांपैकी एक आहे ते काडतुसे भरणाऱ्या मजूर स्त्रियांचे. १७ जून १८६४ रोजी शहरातल्या शस्त्रागाराच्या आवारात उन्हात वाळत घातलेल्या शोभेच्या दारूने पेट घेतला, ठिणगी कारखान्यात गेली आणि २१ जणी होरपळून गेल्या. त्यांच्या अंत्ययात्रेला लिंकन स्वतः होते.

हूव्हर यांच्याच रांगेत लेनर्ड मॅटलोविच यांचे थडगे आहे. हवाई दलातल्या या सार्जंटने १९७५ मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले आणि त्याला नोकरीतून काढले गेले. १९८८ मध्ये तो वारला. त्याच्या दगडावर त्याचे नाव नाही. व्हिएतनाममध्ये लढलेला एक समलिंगी सैनिक, एवढीच ओळख आहे. आपल्यासारख्या सर्वांचे ते स्मारक व्हावे, ही त्याची इच्छा होती. नंतर अनेकांनी त्याच्या आसपास आपल्यासाठी जागा घेतल्या. म्हणजे ज्या जागेचे उत्पन्न आटले होते, तिथे एका दगडामुळे नवे लोक दफनासाठी येऊ लागले. दफनभूमी संग्रहालय झाली नाही, चालू राहिली. हेही जतनच.

आपल्याकडे

कोलकात्यात पार्क स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना जुनी दफनस्थाने होती. उत्तरेकडचे विसाव्या शतकाच्या मध्यावर साफ करून जागा दुसऱ्या कामी लावली गेली. दक्षिणेकडचे, १७६७ मध्ये सुरू झालेले, वाचले. सर विल्यम जोन्स यांचा उंच मनोरा आणि कवी हेन्री डेरोझिओ यांची समाधी आज तिथे पाहता येते. सत्यजित राय यांनी आपल्या गुप्तहेर फेलुदाला एका रहस्यकथेत याच थडग्यांमध्ये नेले आणि बंगाली मुलांच्या पिढ्यांना ती जागा पुस्तकातून ओळखीची झाली. जतनाच्या कोणत्याही फलकापेक्षा या ओळखीचा उपयोग मोठा.

महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर, देवळाच्या अंगणात, शेताच्या बांधावर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, उभे आहेत. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा, आणि वर चंद्र-सूर्य. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर इथल्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. त्यांतले किती दगड शेंदराच्या किंवा ऑइलपेंटच्या थरांखाली गेले, किती धुण्याचे दगड झाले, किती रस्तारुंदीकरणात मातीखाली गेले, याची गणतीच नाही. ज्यांना रंग फासला त्यांच्यावर गावाचे प्रेम आहे, आणि ही जमेची बाजू आहे. त्या प्रेमाला रंगाचा डबा सोडून मऊ ब्रश धरायला शिकवणे, एवढेच बाकी आहे. अलिबागजवळ नवगाव इथे बेने इस्रायली या ज्यू समाजाच्या पूर्वजांचे दफनस्थान आहे. समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले, तरी आपले मूळ म्हणून ते तिथे येतात. अशा ठिकाणी येणारा आणि शेजारी राहणारा, दोघांची गाठ घालून द्यायला हवी. वर्षातून एकदा येणाऱ्याच्या भरवशावर उरलेले तीनशे चौसष्ट दिवस निघत नाहीत.

जुन्या स्मृतिस्थळाचे काम हाती घेणाऱ्या मंडळींचा पहिला ठराव सहसा निधीचा असतो. कुंपण, फरशी, फलक, दिवे. त्याआधी एक साधी चौकशी करावी. उद्या या जागेच्या फाटकाला कुलूप लागले, तर तक्रार घेऊन कोण येईल? फिरायला येणारे, अभ्यास करणारी मुले, गावची भजनी मंडळी, कोणीही असोत, त्यांची नावे सांगता आली तर दगडांना पालक आहेत. एकही नाव सुचले नाही, तर निधीतला पहिला रुपया दगडावर खर्च न करता ती माणसे मिळवण्यावर खर्च करावा.